व्हॅलेरी लेगासोव्ह: चेर्नोबिलला धावून गेलेल्या शास्त्रज्ञाला तिथे कसली उणीव जाणवली?

२६ एप्रिल १९८६. शनिवारची संध्याकाळ.

कीव्हहून प्रिप्यात शहराकडे सरकारी गाड्या निघाल्या होत्या. शहर अजून काही किलोमीटर लांब असतानाच समोरचं आकाश लालभडक दिसायला लागलं. गाडीत बसलेले व्हॅलेरी लेगासोव्ह ते बघून चरकले. अणुवीज प्रकल्पावर असं आकाश कधी दिसत नाही. तिथे धूर नसतो, ज्वाळा नसतात. सगळं कसं स्वच्छ आणि शांत असतं. मॉस्कोहून निघताना त्यांना अपघात झाल्याचं सांगितलं होतं, पण तो एवढा मोठा आहे हे त्या लाल आकाशानं सांगितलं.

२०१९ मध्ये आलेली 'चेर्नोबिल' ही मालिका तुम्ही पाहिली असेल, तर लेगासोव्ह हे नाव तुमच्या ओळखीचं असेल. निदान त्यातले सीन तरी रील्समध्ये दिसले असतील. चष्मा लावलेला, सगळ्यांशी भांडून खरं बोलणारा एकटा शास्त्रज्ञ. ही त्यांची पडद्यावरची ओळख.

खरे लेगासोव्ह यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे होते. त्यांनी जगाला पुष्कळ सांगितलं आणि काही गोष्टी दडवल्यासुद्धा. पण किरणोत्सर्गाची आपत्ती आली की लोकांचा जीव कशानं वाचतो आणि कशानं जातो, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या आयुष्यातली शेवटची दोन वर्षं बघावी लागतात.

अणुभट्टीचे नाही, रसायनशास्त्राचे माणूस

लेगासोव्ह यांचा जन्म १ सप्टेंबर १९३६ चा, रशियातल्या तुला शहरातला. शिक्षण मॉस्कोत झालं. मेंडेलीव्ह रसायन तंत्रज्ञान संस्थेतून ते १९६१ मध्ये बाहेर पडले. काही काळ सायबेरियात तोम्स्कजवळच्या अणुइंधनाच्या कारखान्यात काम केलं आणि मग मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत आले. सोव्हिएत युनियनचा अणुकार्यक्रम जिथे जन्माला आला, ती ही संस्था. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राला जो मान आहे, तसाच तिथे या संस्थेला होता.

त्यांचा खास विषय होता झेनॉनसारखे निष्क्रिय वायू. हे वायू कशाशीच संयोग पावत नाहीत असं एकेकाळी मानलं जायचं. त्यांची संयुगं कशी तयार होतात यावर लेगासोव्ह यांनी काम केलं आणि त्यात नाव कमावलं. १९८१ मध्ये ते सोव्हिएत विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले. १९८३ मध्ये कुर्चातोव्ह संस्थेचे पहिले उपसंचालक झाले. संचालक होते अनातोली अलेक्सांद्रोव्ह. वय झालेले, दबदबा असलेले शास्त्रज्ञ. त्यांच्यानंतर लेगासोव्हच, असं अनेक जण धरून चालले होते.

थोडक्यात, १९८६ च्या एप्रिलपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. पक्षात वजन, संस्थेत मोठं पद, घरी पत्नी आणि दोन मुलं. आणि हो, ते अणुऊर्जेचे पक्के समर्थक होते. शेवटपर्यंत राहिले.

त्या शनिवारी काय झालं?

२५ आणि २६ एप्रिलच्या मधल्या रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. एक चाचणी सुरू होती आणि भट्टी अत्यंत अस्थिर अवस्थेत गेली होती. ती बंद करण्यासाठी बटण दाबलं, आणि काही सेकंदांत शक्ती कमी व्हायच्या ऐवजी भडकली. छप्पर उडालं. भट्टीच्या गाभ्यातलं ग्रॅफाइट आणि इंधन बाहेर फेकलं गेलं.

प्रकल्पातल्या दोन कर्मचाऱ्यांचा काही तासांतच मृत्यू झाला. आग विझवायला गेलेल्या जवानांना आपण कशावर पाय देतोय हेच माहीत नव्हतं. पुढे १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग आजार झाल्याचं निश्चित झालं आणि त्यातले २८ जण पहिल्या काही महिन्यांतच गेले. यात बहुतेक अग्निशमन दलाचे जवान आणि प्रकल्पाचे कर्मचारी होते.

लेगासोव्ह त्या सकाळी मॉस्कोत एका बैठकीला गेले होते. अपघाताची बातमी तिथेच कानावर आली. दुपारी त्यांना सांगण्यात आलं की चौकशीसाठी सरकारी आयोग नेमलाय आणि त्यात तुमचं नाव आहे. आयोगाचे प्रमुख होते बोरिस शेरबिना. दुपारच्या विमानानं सगळे कीव्हला उतरले आणि तिथून गाड्यांनी प्रिप्यातला.

शहर रिकामं करायचं की नाही?

प्रिप्यात म्हणजे प्रकल्पाच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेलं नवंकोरं शहर. वस्ती सुमारे ४९ हजार. भट्टीपासून अंतर तीनेक किलोमीटर. शनिवारी दिवसभर तिथे मुलं बाहेर खेळत होती आणि लोक बाजारहाट करत होते. काहीतरी घडलंय हे दिसत होतं, पण काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आयोगापुढे पहिला मोठा प्रश्न हाच आला.

सोव्हिएत नियम असे होते: माणसाला एकूण २५ रेमपेक्षा कमी किरणोत्सर्ग मिळेल असा अंदाज असेल, तर शहर हलवायची गरज नाही. २५ ते ७५ रेमच्या मध्ये असेल, तर स्थानिक प्रशासनानं ठरवायचं. ७५ च्या वर गेलं तरच हलवणं सक्तीचं. आजच्या मापात सांगायचं तर २५ रेम म्हणजे २५० मिलिसीव्हर्ट. जगातल्या सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला साधारण २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. म्हणजे शंभर वर्षांचा हिशेब काही दिवसांत चुकता झाला, तरी नियमानुसार शहर जागेवरच.

शनिवारी संध्याकाळी शहरातले आकडे या मर्यादेच्या आत होते. त्यामुळे थांबावं असं म्हणणारेही होते. लेगासोव्ह आणि भौतिकशास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं होतं. आत्ताचा आकडा बघून उपयोग नाही, भट्टी उघडी आहे आणि वारा कधीही फिरेल, असा त्यांचा मुद्दा होता. शेवटी शेरबिना यांनी शनिवारी रात्री उशिरा शहर हलवायचा निर्णय घेतला.

रविवारी दुपारी २ वाजता सुमारे ११०० ते १२०० बसगाड्यांमधून लोक निघाले. त्यांना तीन दिवसांपुरतं सामान घ्यायला सांगितलं होतं. तीनेक तासांत शहर रिकामं झालं आणि ते लोक पुन्हा तिथे राहायला कधीच आले नाहीत.

स्फोटापासून बस सुटेपर्यंत साडेछत्तीस तास गेले होते.

बाटल्या, काकड्या आणि नसलेलं पत्रक

पुढच्या दिवसांत लेगासोव्ह हेलिकॉप्टरमधून वारंवार भट्टीवर गेले. आग आणि किरणोत्सर्ग रोखण्यासाठी वरून बोरॉन, शिसं, डोलोमाइट, वाळू आणि चिकणमाती टाकायचं ठरलं. सुमारे ५ हजार टन माल टाकला गेला. त्यातलं बरंचसं गाभ्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं, हे नंतर कळलं. त्यामुळे या निर्णयावर आजही तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. पण ज्या आपत्तीचा आधी कोणी विचारच केला नव्हता, तिच्यावरचा उपाय तिथल्या तिथे शोधायचा होता.

या सगळ्यात लेगासोव्ह यांच्या लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. पुढे त्यांनी आपल्या आठवणी टेपवर बोलून ठेवल्या. त्यात भट्टीच्या भौतिकशास्त्राबरोबरच अगदी साध्या, रोजच्या गोष्टींबद्दल ते पुन्हा पुन्हा बोलतात.

उदाहरणार्थ जेवण. सुरुवातीच्या दिवसांत प्रिप्यातमध्ये काम करणाऱ्यांसाठी सॉसेज, काकड्या, टोमॅटो, पेप्सीच्या बाटल्या आणून खोल्यांमध्ये ठेवल्या जायच्या. लोक यायचे आणि उघड्या हातांनी उचलून खायचे. हातावर, कपड्यांवर किरणोत्सर्गी धूळ. तीच धूळ अन्नाबरोबर पोटात. हे करणारे अडाणी नव्हते. अणुक्षेत्रात काम करणारी माणसं होती. पण घाईत, दमलेल्या अवस्थेत, कोणी आठवण करून दिल्याशिवाय असं भान राहत नाही.

उपकरणांचीही तीच गत. पुरेसे डोसिमीटर नव्हते. डोसिमीटर म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला हे मोजायचं छोटं यंत्र. तोंडाला लावायचे मास्क नव्हते. आणि सगळ्यात स्वस्त गोष्टही नव्हती. ती म्हणजे लोकांच्या हातात द्यायचं एक साधं पत्रक. किती किरणोत्सर्ग धोक्याचा, किती नाही, घरात काय करायचं, मुलांना काय खायला द्यायचं, काय नाही, हे सोप्या भाषेत सांगणारं.

एवढा मोठा देश. अंतराळात माणूस पाठवणारा. अणुबॉम्ब बनवणारा. पण अणुभट्टी फुटली तर आईनं बाळाला दूध द्यावं की नाही, हे सांगणारा कागद छापून ठेवलेला नव्हता. कारण भट्टी फुटूच शकत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

दुधातून आलेला आजार

दुधाचं उदाहरण इथे मुद्दाम दिलंय. कारण चेर्नोबिलमुळे सामान्य लोकांच्या आरोग्यावर झालेला सगळ्यात स्पष्ट परिणाम दुधातूनच आला.

तो कसा, ते समजून घेऊ. भट्टी फुटली की बाहेर पडणाऱ्या पदार्थांत आयोडीन-१३१ हा एक असतो. तो गवतावर बसतो. गाय गवत खाते. दुधात आयोडीन उतरतं. मूल दूध पितं. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतंच. हे आयोडीन साधं आहे की किरणोत्सर्गी, हे तिला कळत नाही. ती ते साठवून ठेवते. मुलांची ग्रंथी लहान असते आणि ती दूधही जास्त पितात, म्हणून सगळ्यात मोठा फटका त्यांनाच.

यावर उपाय होता, आणि तो माहीतही होता.

पहिला उपाय पोटॅशियम आयोडाइडच्या गोळीचा. साध्या आयोडीननं ग्रंथी आधीच भरून टाकली की किरणोत्सर्गी आयोडीनला जागाच उरत नाही. पण इथे वेळ महत्त्वाची. गोळी संपर्काच्या थोडं आधी किंवा नंतर काही तासांतच घ्यावी लागते. दिवस उलटले की तिचा उपयोग जवळपास संपतो.

दुसरा उपाय त्याहून सोपा. ते दूध काही आठवडे प्यायचंच नाही. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. अडीच-तीन महिन्यांत ते जवळपास संपतं. तेवढे दिवस बाहेरून आणलेलं किंवा पावडरचं दूध दिलं तरी भागतं.

प्रिप्यात शहरात गोळ्या बऱ्यापैकी वाटल्या गेल्या. पण बेलारूस, युक्रेन आणि रशियातल्या आसपासच्या खेड्यांत त्या वेळेवर पोहोचल्या नाहीत. दुधावरचे निर्बंधही उशिरा आले. घरची गाय, घरचं दूध, आणि कोणी काही सांगितलेलं नाही. लोक पीत राहिले.

पुढे काय झालं? संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीच्या नोंदीनुसार, त्या वेळी लहान किंवा किशोरवयीन असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचे ६ हजारांहून अधिक रुग्ण आढळले. त्यातल्या मोठ्या हिश्श्यामागे हे दूध होतं. हा कॅन्सर बहुतेक वेळा उपचारांनी बरा होतो, त्यामुळे २००५ पर्यंतचे मृत्यू १५ होते. पण गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण आणि आयुष्यभराच्या गोळ्या हजारो मुलांच्या वाट्याला आल्या.

याउलट पोलंडचं उदाहरण बघा. सोव्हिएत सरकारनं शेजारी देशांना काही कळवलं नव्हतं. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुप्रकल्पात किरणोत्सर्गाचा इशारा वाजला, तेव्हा जगाला संशय आला. त्या रात्री मॉस्कोच्या टीव्हीवर चार ओळींची बातमी आली. पोलंडनं मात्र स्वतःची मोजमापं बघून २९ एप्रिलपासून आयोडीन द्यायला सुरुवात केली. काही दिवसांत सुमारे १ कोटी मुलांपर्यंत ते पोहोचलं.

तिकडे कीव्हमध्ये १ मे रोजी कामगार दिनाचा मोर्चा ठरल्याप्रमाणे निघाला. मुलंही होती त्यात.

व्हिएन्नातले पाच तास

ऑगस्ट १९८६. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मुख्यालयात, व्हिएन्नात, जगभरातले शेकडो तज्ज्ञ जमले होते. सोव्हिएत युनियन सारवासारव करेल, अशीच सगळ्यांची अपेक्षा होती.

लेगासोव्ह उभे राहिले आणि सुमारे पाच तास बोलले. मिनिटामिनिटाचा घटनाक्रम, आकडे, नकाशे. सोबत ३८८ पानांचा अहवाल. सोव्हिएत शास्त्रज्ञानं आपल्या देशाचं अपयश इतक्या उघडपणे मांडल्याचं पाश्चिमात्य तज्ज्ञांनी पाहिलं नव्हतं. वातावरण बदललं. आठवड्याच्या सुरुवातीला रागात असलेली मंडळी शेवटी टाळ्या वाजवत होती. लेगासोव्ह रातोरात जगप्रसिद्ध झाले.

याचा ठोस परिणामही झाला. २६ सप्टेंबर १९८६ रोजी, म्हणजे अपघाताला बरोबर पाच महिने झाल्यावर, दोन आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाले. एक, अणुअपघात झाला तर शेजाऱ्यांना ताबडतोब कळवायचं. दोन, मागेल त्या देशाला मदत करायची. भारतही या दोन्ही करारांमध्ये आहे.

दुसरा करार वर्षभरातच कामी आला. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगार गोळा करणाऱ्यांनी एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून कॅन्सरवरच्या उपचारांचं यंत्र उचललं आणि आतलं सीझियम-१३७ फोडलं. अंधारात चमकणारी ती भुकटी लोकांनी घरी नेली. चार जण गेले. १ लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. ब्राझीलला बाहेरून तज्ज्ञांची मदत मिळाली.

जे सांगितलं नाही, ते

पण व्हिएन्नाच्या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती मालिकेत वेगळ्या प्रकारे दाखवली आहे.

त्या अहवालात दोषाचा बहुतेक भार भट्टी चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांवर टाकला होता. त्यांनी नियम मोडले, असा सूर होता. पण भट्टीच्या रचनेतच मोठी खोट होती. भट्टी बंद करण्यासाठी नियंत्रक दांडे आत सोडले की काही परिस्थितीत सुरुवातीचे क्षण शक्ती उलट वाढायची. म्हणजे ब्रेक दाबला की गाडीनं आधी वेग घ्यायचा. १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना प्रकल्पात हे दिसून आलं होतं. वरच्या वर्तुळात ते माहीत होतं. चेर्नोबिलच्या रात्रपाळीला मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

ही गोष्ट व्हिएन्नात स्पष्टपणे मांडली गेली नाही. आणि या प्रकारच्या भट्टीची वैज्ञानिक जबाबदारी कोणाकडे होती? कुर्चातोव्ह संस्थेकडे. लेगासोव्ह यांच्याच संस्थेकडे. पूर्ण सत्य सांगायचं तर आपल्या संचालकांवर आणि सगळ्या यंत्रणेवर बोट ठेवावं लागलं असतं. आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९२ मध्ये नव्या माहितीच्या आधारे आपला आधीचा निष्कर्ष बदलला आणि रचनेतल्या दोषांना जास्त महत्त्व दिलं. तोवर प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांना शिक्षा होऊन गेल्या होत्या.

लेगासोव्ह यांनी व्हिएन्नात, त्या काळच्या सोव्हिएत माणसाला शक्य होतं त्यापेक्षा बरंच जास्त सांगितलं. पण सगळं सांगितलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

घरचेच परके झाले

व्हिएन्नाहून परतलेल्या लेगासोव्ह यांचं मायदेशी स्वागत थंड झालं. काहींना वाटलं, यानं जास्तच बोलून टाकलं. संस्थेतल्या काहींना त्यांच्या प्रसिद्धीचा त्रास झाला. हा तर रसायनशास्त्रज्ञ, भट्ट्यांचं त्याला काय कळतं, असंही बोललं जाई. चेर्नोबिलच्या कामासाठी देशाचा सर्वोच्च किताब त्यांना मिळणार असं मानलं जात होतं. तो मिळाला नाही. १९८७ मध्ये संस्थेच्या वैज्ञानिक परिषदेच्या निवडणुकीत तर सहकाऱ्यांनीच त्यांच्या विरोधात जास्त मतं टाकली.

तब्येतही ढासळत होती. त्यांनी स्वतः ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्ग झेलला होता.

तरी ते लिहीत राहिले, बोलत राहिले. कारखाने मोठे होत चाललेत, तशी सुरक्षितता हाच स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हायला हवा, असा त्यांचा आग्रह होता. सुरक्षितता म्हणजे नियमांची वही नव्हे, तर काम करायची पद्धत, असं ते सांगत. सुधारणांच्या त्यांच्या प्रस्तावांना संस्थेत आणि अकादमीत साथ मिळाली नाही.

२७ एप्रिल १९८८ रोजी, अपघाताला दोन वर्षं आणि एक दिवस झाला असताना, मॉस्कोतल्या घरी ते मृतावस्थेत सापडले. ही आत्महत्या होती. वय होतं ५१. ते दीर्घकाळ नैराश्यात होते. (तुमच्या किंवा जवळच्या कोणाच्या मनात असे विचार येत असतील, तर 'टेली मानस'च्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर चोवीस तास मोफत बोलता येतं.)

२० मे १९८८ रोजी 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रानं त्यांच्या आठवणी छापल्या. सोव्हिएत युनियन फुटल्यावर, १९९६ मध्ये, रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्तसिन यांनी त्यांना मरणोत्तर 'रशियन संघराज्याचा वीर' हा सर्वोच्च किताब दिला.

मालिकेतलं किती खरं?

मालिकेत लेगासोव्ह एका साध्या फ्लॅटमध्ये मांजरासोबत एकटे राहतात. प्रत्यक्षात त्यांचं कुटुंब होतं. शेवटचा कोर्टातला प्रसंग, ज्यात ते भट्टीचा दोष सगळ्यांसमोर सांगतात, तो घडलाच नाही. जुलै १९८७ च्या त्या खटल्याला ते हजर नव्हते. त्यांना साथ देणारी उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञही काल्पनिक आहे. अनेक शास्त्रज्ञ मिळून ते एक पात्र बनवलंय.

म्हणजे आयुष्यात जे पूर्ण सत्य त्यांना जाहीरपणे बोलता आलं नाही, ते पडद्यानं त्यांच्या तोंडी घातलं.

आपण यातून काय घ्यायचं?

चेर्नोबिल लांब वाटतं. पण त्याची सावली मुंबईपर्यंत आली होती. अपघातानंतर आयर्लंडहून आलेल्या २०० टन लोण्यात किरणोत्सर्गी अंश असल्याचं समजलं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथून सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली. ते प्रमाण ठरवलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं समितीनं सांगितलं आणि १९८८ मध्ये प्रकरण मिटलं. लोक घाबरले यात नवल नव्हतं. किती म्हणजे जास्त, हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

पालघर जिल्ह्यात तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून सुरू आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं अणु आणि किरणोत्सर्गी आपत्तींसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. शिवाय धोका फक्त प्रकल्पातूनच येतो असं नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं जुनं यंत्र तोडलं गेलं आणि एका कामगाराचा जीव गेला. गोयानियाचीच गोष्ट, आपल्या राजधानीत.

आणि आता तर अफवा वाऱ्यापेक्षा आधी पोहोचतात. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर फिलिपिन्समध्ये गळ्याला बेटाडिन लावा असा मेसेज फिरला. चीनमध्ये लोकांनी मिठासाठी रांगा लावल्या. दोन्ही उपाय बिनकामाचे. त्वचेवरच्या औषधानं थायरॉइडचं रक्षण होत नाही, आणि मिठातलं आयोडीन इतकं कमी असतं की गोळीइतकं मिळवायला ते किलोनं खावं लागेल.

मग खरं काय करायचं? लेगासोव्ह यांना प्रिप्यातमध्ये जे पत्रक सापडलं नाही, त्यात साधारण हे असायला हवं होतं:

- बाहेर पळू नका. पक्क्या इमारतीत आत जा. दारं-खिडक्या बंद करा. जमल्यास मधल्या खोलीत थांबा.
- बाहेरून आला असाल तर वरचे कपडे काढून पिशवीत बंद करा. अंगावरची बहुतेक किरणोत्सर्गी धूळ एवढ्यानंच जाते. मग साबणानं हातपाय, तोंड आणि केस धुवा.
- उघड्यावरचं अन्न, उघड्या विहिरीचं पाणी आणि त्या भागातल्या जनावरांचं दूध घेऊ नका. बंद डब्यातलं, बाटलीतलं चालेल.
- आयोडीनची गोळी प्रशासनानं सांगितलं तरच आणि तेव्हाच. ती सगळ्या प्रकारच्या किरणोत्सर्गावरचं औषध नाही. आणि बेटाडिन तर चुकूनही पिऊ नका.
- अधिकृत सूचनेची वाट बघा. फॉरवर्ड करण्याआधी ती कोणी दिली आहे हे बघा.

यातल्या एकाही गोष्टीला अणुविज्ञान कळावं लागत नाही. महागडं यंत्रही लागत नाही. फक्त हे आधीच माहीत असावं लागतं, आणि सांगणाऱ्यावर विश्वास असावा लागतो. प्रिप्यातमध्ये पहिली गोष्ट नव्हती. सरकार गप्प राहिलं तशी दुसरीही गेली.

पाच हजार टन माल भट्टीवर टाकायला हेलिकॉप्टरं मिळाली. गावागावात दूध पिऊ नका एवढं वेळेवर सांगायला कोणी मिळालं नाही. लेगासोव्ह यांच्या आठवणी वाचताना हीच गोष्ट डोक्यात राहते.